बारा फुटी कमान आणि शर्मिलाचा माळा

शर्मिला पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरली ती महाडला, चवदार तळ्याच्या रस्त्यावर, वीस मार्चच्या गर्दीत. तेव्हा ती तिसरी-चौथीत असेल. तिचे वडील महादू रस्त्याच्या कडेला निळं प्लास्टिक अंथरून त्यावर पुस्तकं मांडून बसले होते आणि ती त्यांच्या पाठीशी टेकून वाचत होती. नांदेडकडचा एक म्हातारा आला. त्याने बोट दाखवून एक पातळसं पुस्तक मागितलं. ते नेमकं शर्मिलाच्या हातात होतं.

"थांबा आजोबा, चार पानं राहिलीत," तिने मान वर न करता सांगितलं.

महादू ओशाळले. पुस्तक काढून घ्यायला त्यांनी हात पुढे केला, तो म्हाताऱ्याने मधेच धरला. स्वतः प्लास्टिकच्या कडेला उकिडवा बसला आणि म्हणाला, "मला वाचता येत नाही, पोरी. नातवाला नेतोय. तू जरा मोठ्यानं वाच, म्हंजी म्या काय घेतलं ते मलाबी कळंल."

मग तिने उरलेली पानं मोठ्याने वाचली. येणारे-जाणारे थांबले, मागे कडं झालं. वाचून झाल्यावर म्हाताऱ्याने ते पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं आणि पिशवीत न घालता तसंच छातीशी धरून गर्दीत गेला. त्या दिवशी तिथे जे होते त्यांना ती मुलगी पुढे कित्येक वर्षं 'चार पानंवाली' म्हणूनच आठवत राहिली.

महादू खरे गवंडी. महाडहून पोलादपूरकडे जाताना सावित्रीच्या अंगाला उतरलं की एक बौद्धवाडी लागते, तिथे त्यांचं घर. पोट चाले थापी-ओळंब्यावर. पण वीस मार्चला महाड, चौदा एप्रिलला जिथे बोलावतील तिथे, दसऱ्याला नागपूर आणि डिसेंबरात दादर, एवढे दिवस ते कुठलंच काम अंगावर घेत नसत. ठेकेदारांनाही ते माहीत झालं होतं. पुस्तकांचे गठ्ठे दोन पत्र्याच्या ट्रंकांत भरायचे, रेल्वेने किंवा एसटीने न्यायचे, रस्त्यावर मांडायचे आणि रिकाम्या ट्रंका घेऊन यायचं. झोपायला त्यांना जागा अशी कधी लागलीच नाही. दीक्षाभूमीबाहेरच्या रस्त्यावर हजारो माणसं जशी झोपतात तसे तेही झोपत, गठ्ठा उशाला घेऊन.

शर्मिला बारावी झाली, तिचं लग्न झालं, आणि दोन वर्षांत ती परत आली. त्याबद्दल ती बोलत नाही आणि वाडीतही कोणी विचारत नाही. पोलादपूरच्या नाक्यावर ओंकारचा ग्रिल-गेटचा कारखाना आहे, तिथे ती रंगाच्या कामावर लागली. वेल्डिंग शिकली ती एका शिमग्याला. वेल्डर सणाला गावी गेला तो वेळेत परतलाच नाही आणि इकडे एका लग्नघराचं गेट द्यायचं होतं. ओंकारने नाइलाजाने तिच्या हातात मशीनची कांडी दिली. त्या गेटाचे टाके आजही जाडेभरडे दिसतात. ओंकार नवीन गिऱ्हाइकाला त्या घराकडून नेत नाही. पण पुढच्या वर्षी त्याने वेल्डरची वाट पाहिली नाही.

उतारवयात महादूंना ट्रंका उचलेनात, तेव्हा एक जुनी पिकअप घेतली. निम्मे पैसे शर्मिलाचा धाकटा भाऊ अश्वजित याने घातले. तो पनवेलला एका कुरिअरच्या गोदामात सुपरवायझर आहे. बापलेकीने गाडी चालवायला एकाच वेळी शिकून घेतलं, आणि लेक पास झाली. पुढची चार वर्षं गाडी ती चालवायची, पुस्तकं महादू विकायचे. मग एका श्रावणात महादू गेले.

त्यांच्यामागे आलेल्या दसऱ्याला शर्मिला नागपूरला गेलीच नाही, दुःख ताजं होतं. खरी गाठ पडली डिसेंबरात, दादरला. पिकअपचा हौदा पुस्तकांनी काठोकाठ भरलेला. ज्या दोन लॉजवर तिने विचारलं, तिथे एकीकडे जागा नव्हती आणि दुसरीकडे 'सोबत कोण आहे' हे विचारलं गेलं. वडिलांसारखं रस्त्यावर आडवं होण्याचा तिला धीर झाला नाही, म्हणून तिन्ही रात्री तिने केबिनमध्ये बसून काढल्या. त्यांतल्या एका रात्री कोणीतरी मागची ताडपत्री सोडू लागलं. तिने हॉर्नवर हात ठेवला तो आजूबाजूची माणसं उठेपर्यंत काढलाच नाही. चोरीला काही गेलं नाही. पण सकाळी अश्वजित चहा घेऊन आला आणि त्याने बहिणीचे सुजलेले पाय पाहिले.

घरी आल्यावर तो आईसमोर बोलला.

"पुस्तकांचं मी काय बोलत नाय, ताई. बाबांचं हाय, माझंबी हाय. पण रातची तू झोपणार कुठं, येवढं सांग. नागपूरला कुठं झोपणार?"

अश्वजित वाईट माणूस नाही. तो घाबरला होता आणि घाबरलेल्या माणसासारखाच त्याने निकाल दिला. येत्या दसऱ्यापर्यंत याचं काही जमलं तर ठीक. नाहीतर गाडी विकायची, पुस्तकं विहाराच्या कपाटात लावायची आणि ताईने ओंकारच्या कारखान्यात सुखाने काम करावं. आई, मंजुळाबाई, मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "सुखानं कसं करतात ते त्यालाच इचार." पण लेकाचं म्हणणं त्यांनाही पटत होतं.

तेव्हापासून शर्मिलाच्या डोक्यात तो एकच प्रश्न राहिला. झोपायचं कुठं.

उत्तर तिला पाचाडला दिसलं, जानेवारीत. तिथल्या एका खानावळीला ओंकारकडून रेलिंग गेलं होतं, ते बसवायला ती गेली होती. खानावळीच्या अंगणात पुण्याची एक जीप उभी होती आणि जीपच्या टपावर तंबू. खरोखरचा, खिडक्या-बिडक्या असलेला तंबू, खाली शिडी सोडलेली. त्याची मालकीण वल्लरी नावाची तिशीतली बाई होती, नवऱ्याबरोबर रायगड पाहायला आलेली. शर्मिला रेलिंगचे बोल्ट आवळत होती, पण डोळे टपावर. शेवटी पान्हा खाली ठेवून ती सरळ वल्लरीपाशी गेली आणि म्हणाली, "मला वर चढून बघू द्याल का?"

वल्लरीने बघू दिलं. शर्मिलाच्या पायांना रेड ऑक्साइडचा लाल रंग लागला होता, म्हणून पाय बाहेर शिडीवर ठेवून ती आत गादीवर आडवी झाली. मग उठून तिने प्रश्न विचारले. वारा आला तर हलतो का? आतून चेन लागते का? शिडी वर ओढून घेता येते का? वल्लरी हसत उत्तरं देत होती. शिडीचा प्रश्न ऐकल्यावर मात्र तिचं हसू थांबलं. तिने विचारलं, "तुम्हाला कुठे झोपायचंय?" शर्मिलाने सांगितलं. जाताना वल्लरीने तिचा नंबर घेतला.

पावसाळ्याच्या तोंडी वल्लरीचा फोन आला. त्यांच्याकडे बाळ येणार होतं, जीप विकली होती, तंबू नुसता पडून होता. शर्मिलाची भिशी त्याच महिन्यात लागली होती, तिने तो विकत घेतला. तंबू पुण्याहून कुणाच्या तरी टेम्पोने आला आणि तिच्या पडवीत घडी घातलेल्या गादीसारखा पडून राहिला. वाडीतल्या बायका येऊन बोटाने दाबून बघून गेल्या.

आता तो लावायचा कुठे? पिकअपच्या केबिनचा टप एवढासा, पत्रा पातळ. हौद्यात तर पुस्तकं. म्हणजे हौद्याच्या वर लोखंडाची मांडणी उभी करायची, खाली पुस्तकं आणि वर तंबू, एवढा एकच मार्ग राहिला. जीपवाले लोक अशी मांडणी दुकानातून तयार आणतात, असं वल्लरीने फोनवर सांगितलं होतं. शर्मिलाने पडवीच्या जमिनीवर खडूने हौदा आखला आणि चार कोपऱ्यांवर चार फुल्या मारल्या.

ओंकारने तिला उरलेसुरले चौकोनी पाइप दिले आणि मशीन रविवारी घरी न्यायची परवानगी दिली. कारखान्यात जागा नव्हती, तिथे एका मंगल कार्यालयाचं मोठं काम चालू होतं. तो एकदा येऊन खडूची आखणी पाहून गेला. खांब किती उंच घेतेस, त्याने विचारलं. हौद्यात माणूस उभं राहील एवढे, असं तिने सांगितलं. वर वजन गेलं की आंबेनळी घाटाच्या वळणांवर गाडी झुलेल, असं त्याचं म्हणणं पडलं. त्यावर तिने तिरके आधार वाढवले, पण उंची कमी केली नाही. वडिलांना तिने जन्मभर रस्त्यावर उकिडवं बसून पुस्तकं विकताना पाहिलं होतं. गुडघ्यांनी त्यांना शेवटी फार छळलं. आपण उभं राहून विकायची, एवढं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

जाता जाता ओंकारने आणखी एक विचारलं. वाडीच्या कमानीतून गाडी निघेल ना?

"बारा फुटी हाय," शर्मिला म्हणाली.

वाडीच्या तोंडाशी ती कमान आहे. दोन खांब, वर सिमेंटची तुळई, तुळईवर धम्मचक्र. महादूंनीच ती बांधली, शर्मिला लहान असताना. विहारासाठी बुद्धाची मूर्ती उभीच्या उभी ट्रकने आणायची होती, म्हणून त्यांनी टेप लावून खालून बारा फूट मोकळे ठेवले. मूर्ती आली, दोन्ही बाजूंना हातभर जागा राहिली, आणि त्या दिवसापासून ती 'बारा फुटी कमान' झाली. कोणाला पत्ता सांगायचा तरी वाडीतली माणसं तसंच सांगतात. बारा फुटी कमानीपाशी उतरा.

भाद्रपदात पाऊस अधूनमधून येत होता. पडवीच्या पन्हाळीखाली बसून शर्मिलाने कापणी केली, उघडीप मिळाली की अंगणात टाके मारले. गाडीच्या पत्र्याला वेल्डिंग करायचं नाही हे तिचं पक्कं होतं, उद्या आरटीओच्या पासिंगला अडचण नको. खांबांना पायपट्ट्या केल्या, त्या हौद्याला बोल्टांनी आवळल्या, मधे जुन्या ट्यूबच्या चकत्या दिल्या, म्हणजे लोखंड लोखंडावर वाजणार नाही. पहिल्यांदा चौकट उभी केली तर एक कोपरा बोटभर वर. तिने तो खांब काढला, परत कापला. दुसऱ्यांदा आडवा पाइप कमी पडला. मंजुळाबाई उंबऱ्यात बसून बघत.

"बाप ओळंबा लावायचा, लेक अंदाज लावते," त्या म्हणाल्या.

शर्मिलाने काचेची टोपी वर केली, घरात गेली, वडिलांच्या पेटीतून ओळंबा आणला आणि खांबाशेजारी सोडला. पुढचे टाके ओळंब्यावर पडले.

रंगाआधी मांडणी किती भार सोसते ते बघायचं होतं. सिमेंटच्या गोण्या चढवण्यापेक्षा माणसं चढवावीत असं शेजारच्या साळूबाईंनी सुचवलं, आणि पहिल्या त्याच चढल्या. त्यांच्यामागे अख्ख्या आळीतल्या बायका शिडीने वर गेल्या आणि फळ्यांवर दाटीवाटीने बसल्या. शर्मिलाने गाडी अंगणातल्या अंगणात पुढे-मागे केली, एकदम ब्रेक मारला. वरून नुसता कालवा.

"शर्मिला गो, पाळण्याचं तिकीट किती?" साळूबाईंनी वरून विचारलं.

"उतरल्यावर सांगते. आधी हालतंय का सांगा."

"मांडणी नाय हालत. ही सुंदराबाय हालते."

मंजुळाबाईही चढल्या, गुडघे धरत, कोणाचा हात न घेता. वर बसून त्यांनी चहूकडे पाहिलं. भात निसवत होतं, खाचरं पिवळसर व्हायला लागली होती.

"हा तर आमचा माळाच हाय," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवा डुकरं राखायला असाच माळा होता, चार खांबांवर. मी आन् तुझा बाप राती तिथंच. खाली डुकरं, वर आम्ही."

"आणि आता?" कोणीतरी विचारलं.

"आता खाली पुस्तकं. काय तरी राखायचंच."

शर्मिला स्टिअरिंगवर होती. आई आपल्याबरोबर नागपूरला यायला निघाली आहे, हे तिला तेव्हा कळलं. तिने गाडी बंद केली.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी अश्वजित आला. रात्रपाळी संपवून, मिळेल त्या एसटीने, उभ्याने. शर्मिलाने मांडणीला निळा रंग दिला होता, तंबू वर बसवून बोल्ट आवळले होते, शिडी लटकवली होती. त्याने गाडीभोवती फेरी मारली, खांब हलवून पाहिले. ठरलं असं की पोलादपूरपर्यंत जायचं, आंबेनळीच्या पहिल्या वळणांवर गाडी घालून बघायची आणि परत यायचं. गाडी वर झुलली नाही तर बुधवारी नागपूर. झुलली तर अश्वजित म्हणेल तसं.

आळीतली माणसं गाडीमागून कमानीपर्यंत चालत आली. शर्मिलाने सवयीने गाडी कमानीत घातली. केबिन पलीकडे गेली आणि वर खाडकन आवाज झाला.

तंबूची पुढची कड तुळईला लागली होती. तंबू फाटला नव्हता, पण त्याचा पत्र्याचा कोपरा दबला होता. शर्मिलाने गाडी थोडी मागे घेतली आणि खाली उतरून वर पाहिलं.

"बारा फूट हाय ना?" अश्वजितने विचारलं. त्यालाही तेच माहीत होतं. सगळ्यांनाच तेच माहीत होतं.

कोणीतरी टेप आणली. खांबाच्या बुडाशी धरून वर नेली. साडेनऊला तुळई आली. परत मोजली. साडेनऊच.

मग एकेक उलगडत गेलं. महादूंनी कमान बांधली तेव्हा खाली मातीचा रस्ता होता. त्यावर खडी पडली. खडीवर डांबर. पुढे दर निवडणुकीच्या आधी जुन्या रस्त्यावर नवा थर येत गेला, शेवटी काँक्रीट झालं. उकरून कोणी केलं नाही, वरच करत गेले. रस्ता चढला, कमान जागच्या जागी राहिली. आणि तिच्याखालून रोज जाणाऱ्यांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही, कारण नाव बदललं नव्हतं. शर्मिलाने लोखंडाचा एकेक तुकडा दोनदा मोजला होता. कमान तिने मोजलीच नव्हती. ती बापाने मोजलेली होती.

माणसांनी उपाय सुचवायला सुरुवात केली. चाकांतली हवा काढून बघू, असं एक ड्रायव्हर म्हणाला. चारही चाकांतली हवा काढली, गाडी बसली, तरी वीतभर कमीच पडलं. चाकं आणखी दाबली जावीत म्हणून साळूबाईंनी सगळ्यांना हौद्यात चढायला सांगितलं. माणसं चढली, दाटीवाटीने उभी राहिली, गाडी आणखी थोडी खचली. पण तंबू काही तुळईखाली आला नाही. पायपंपाने हवा भरता भरता दोघे दमले.

मग वाडीच्या कमिटीचे एक वडीलधारे पुढे आले. कमान तशी जुनीच झालीय, ते म्हणाले. रस्ता आणखी रुंद होणार म्हणतात, तेव्हा नवी करावीच लागेल. घण आणा, मधली तुळई काढू. महादूच्या पोरीची गाडी नागपूरला जाणार तर महादूच्या कमानीने अडवू नये. दोघे तरुण घण आणायला निघालेही. माणसं मनापासून म्हणत होती, त्यात शर्मिलाची कीव नव्हती.

अश्वजित बहिणीकडे पाहत होता. गाडी विकायची असेल तर याहून चांगलं निमित्त त्याला सापडलं नसतं, पण त्याने ते वापरलं नाही.

"घण नको," शर्मिला म्हणाली. "कमान सगळ्यांची हाय, मांडणी माझी हाय. मी मोजली नाय, मीच कापते."

तिने गाडी उलटी घेतली आणि पुन्हा अंगणात लावली.

तंबू खाली उतरवायला चार माणसं लागली. बोल्ट सोडले, वरची चौकट मोकळी केली. तिने प्रत्येक खांबावर खडूने खूण केली. त्या खुणेवर कापलं की हौद्यात कोणाला ताठ उभं राहता येणार नव्हतं. दिवसभर विकायचं तर मांडी घालूनच बसावं लागणार होतं. तिने खुणेकडे पाहिलं आणि ग्राइंडर लावला. इतक्या दिवसांत तिने मनात धरलेली गोष्ट त्या ठिणग्यांत गेली. ती कोणाला माहीत नव्हती, म्हणून कोणी हळहळलंही नाही. पहिला तुकडा खाली पडला तेव्हा मंजुळाबाईंनी तेवढं विचारलं, "मग तू इकणार कशी?"

"बसून," शर्मिला म्हणाली. "बाबांसारखी."

दुसऱ्या खांबाला अश्वजित पुढे आला आणि त्याने पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरला, ग्राइंडर थरथरू नये म्हणून. ठिणग्या त्याच्या शर्टावर येत होत्या, त्याने मान फिरवून घेतली, पण हात सोडले नाहीत. तिसऱ्याला ओळंबा त्यानेच सोडला. चौथ्याच्या वेळी तो म्हणाला, "गोदामातबी असंच हाय, ताई. रॅक लावतात आणि दरवाजा मोजत नाय." ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

उन्हं उतरायच्या आत चौकट पुन्हा बसली, तंबू वर गेला. दबलेला पत्रा शर्मिलाने हातोडीने सरळ केला. आता गाडी कमानीखालून गेली, वर वीतभर जागा ठेवून. आंबेनळीला गाडी नेऊन आणली. वळणांवर ती झुलली नाही. खांब उंच राहिले असते तर कदाचित झुललीही असती, असं ओंकार नंतर म्हणाला.

परत आल्यावर अश्वजित म्हणाला, आता आत कसं वाटतं ते बघू. शिडीने वर गेला, तंबू उघडला, आडवा झाला. आतून त्याने चेन लावली, काढली, परत लावली. शिडी वर ओढून घेतली. खाली मंजुळाबाई आणि शर्मिला त्याच्या बोलण्याची वाट पाहत उभ्या राहिल्या. आतून काहीच आवाज येईना. मग घोरणं ऐकू आलं. रात्रपाळीचा माणूस, सकाळपासून उभा, गादी मिळाल्याबरोबर झोपून गेला.

जेवायला त्याला कोणी उठवलं नाही. शिडी वरच होती, त्यामुळे उठवताही आलं नसतं. मंजुळाबाईंनी त्याचं ताट झाकून ठेवलं. "आता हा इचारायचा नाय, कुठं झोपणार म्हणून," त्या म्हणाल्या.

त्याने पुन्हा विचारलं नाही. बुधवारी मायलेकी नागपूरला निघाल्या तेव्हा त्याने फक्त जॅक आहे का, स्टेपनीत हवा आहे का, एवढं फोनवर विचारून घेतलं.

नागपूरला शर्मिलाने गाडी रस्त्याच्या कडेला लावली, तिन्ही बाजूंचे फाळके खाली पाडले आणि मधे मांडी घालून बसली. हौद्याच्या उंचीवर मांडी घातलेल्या बाईचे डोळे रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतात. वडील खालून वर बघत बोलायचे. तिला कोणाकडे वर बघावं लागलं नाही, कोणाकडे वाकूनही बघावं लागलं नाही. माणसं पुस्तक हातात घेऊन तिच्याशी बोलत उभी राहायची. मागच्या बाजूला बायका विचारायला यायच्या की हे वरचं काय आहे. मंजुळाबाई त्यांना शिडी दाखवायच्या आणि सांगायच्या, "माळा हाय. लेकीनं केलाय." दोघीतिघींना त्यांनी पाठ टेकायला वर पाठवलं. यवतमाळकडची एक बाळंतीण बाळाला घेऊन दुपारभर वर झोपली.

येताना पुस्तकं थोडीच उरली होती. मंजुळाबाईंनी घरी आल्या आल्या साळूबाईंना सांगितलं की झोप चांगली लागली, फक्त डुकरं नव्हती म्हणून चुकल्यासारखं झालं.

कापलेले चार तुकडे शर्मिलाने टाकले नाहीत. त्यांचा तिने पडवीत बसायचा एक चौरंग केला. त्यावर बसून मंजुळाबाई भाजी निवडतात. कमान अजून उभी आहे आणि तिला अजून बारा फुटीच म्हणतात. मात्र बाहेरून कोणी उंच माल भरून आलं, तर वाडीतली माणसं आता आधी टेप आणतात.

अश्वजितने आपला निम्मा हिस्सा बहिणीला सोडला, गाडी तिच्या एकटीच्या नावावर झाली. आठवड्यातले पाच दिवस ती अजून ओंकारकडे कामाला जाते. एकोणीस मार्चला संध्याकाळी ती तळ्याच्या रस्त्याला गाडी लावते आणि रात्री वर तंबूतच झोपते, घर एवढं जवळ असूनही, कारण पहिली माणसं पहाटेच यायला लागतात.